रिमोटच्या गाडीला सोलर प्लेट : बॅटरी फुगली, नातू रुसला

अकरा_केव्ही (सांगली)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

माझी सगळी नोकरी वीजखात्यात लाइनवर गेली. खांबावर चढून अकरा केव्हीची कामं केली, पण गेला आठवडाभर ३.७ व्होल्टनं घाम फोडलाय.

झालं असं की नातू (वय ८, मुक्काम पोस्ट पुणे) सुट्टीला आमच्याकडे सांगलीच्या विश्रामबागेत आलाय. सोबत रिमोटची गाडी, मोठ्या चाकांची. यूएसबीची वायर लावून दोन तास चार्ज करायची, अंगणात वीस मिनिटं पळवायची, की मान टाकते. मागच्या रविवारी त्याला जतला बहिणीच्या रानात नेलं होतं. तिथं त्यानं सोलर पंप बघितला. वर प्लेटा, खाली पाण्याची धार, खांब नाही की तार नाही. परत येताना सगळ्या वाटेत एकच घोषा : "आजोबा, एवढी मोठी मोटर उन्हावर चालते, मग माझी एवढुशी का नाही?"

लाइनमनच्या नातवाला "नाही चालत" असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

पेठेतून ६ व्होल्ट १ वॅटची प्लेट आणली, तळहाताएवढी. १३० रुपये पडले. जुन्या रेडिओतला ४००७ डायोड काढून लाल वायरीत घातला, रात्री उलटा करंट जायला नको म्हणून. गाडीतली बॅटरी चपटी आहे, ३.७ व्होल्ट ५०० एमएएच (मिलीअँपिअर-तास). तिच्या डोक्यावर नखाएवढी हिरवी पट्टी होती. मध्ये मध्ये येत होती म्हणून ती काढून टाकली आणि थेट सेलच्या पत्तीला डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं. डाग मात्र चकचकीत बसला हो. सकाळी दहा ते तीन गच्चीवर ठेवली. आणायला गेलो तर ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी बॅटरी पुरीसारखी टम्म!

नातू दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. माझं काय चुकलं, आणि आता काय करू?

मिरजेचा_डाग

काका, बाकीचं नंतर. ती फुगलेली बॅटरी आत्ता कुठाय? घरात असेल तर आधी बाहेर काढा. टाचणी मारून हवा काढायची नाही, दाबायची नाही, "चालतेय का बघू" म्हणून परत लावायची नाही. दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळा, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा आणि ई-कचरा घेतात तिथं द्या. घंटागाडीत अजिबात नको. गाडीत कचरा दाबला की अशी बॅटरी पेट घेते.

आता चूक. तुम्ही काढलीत ती हिरवी पट्टी म्हणजे त्या सेलचं संरक्षण. तुमच्या भाषेत सांगायचं तर रिले (बिघाड झाला की लाइन बंद पाडणारा) काढून ठेवून लाइन चालू केलीत. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला भरतो. तिथं थांबायचं म्हणजे थांबायचं. तुमची ६ व्होल्टची प्लेट मोकळी मोजली तर ७ च्या आसपास दाखवेल. सेल भरला हे तिला कुठं कळतंय, ती ढकलत राहिली.

अकरा_केव्ही

बॅटरी डब्यात, डबा नारळाच्या झाडाखाली. "रिले काढून लाइन चालू केली" हे वाचून खरंच मान खाली गेली. माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तर चारचौघांत झापला असता.

भडंग_फॅन

एक नंबर धागा! वाचनखूण साठवली. काका, डागाचा फोटो टाका की.

हिशेबी

रागावू नका, पण हा सगळा खटाटोप कशासाठी? ५०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे १.८५ वॉट-अवर. एक युनिट म्हणजे १०००. वायरीत आणि चार्जरमध्ये वाया जाणारं धरलं तरी एका युनिटात ही गाडी चारशे वेळा चार्ज होते. रोज एकदा म्हटलं तरी वर्षाला एक युनिटसुद्धा लागत नाही. १३० रुपयांची प्लेट वसूल व्हायला नातवाचा नातू यावा लागेल.

जतचं_ऊन

हिशेबी साहेब, हिशोब बरोबर हाय तुमचा. पण पोरगं बिल वाचवाय बसलंय का तितं? त्याला गाडी उन्हावर चाललेली बघायचीय.

काका, आमच्याकडं तीन एचपीचा सोलर पंप हाय. त्याला ३००० वॅटच्या प्लेटा हैत. तीन एचपी म्हणजे सव्वादोन हजार वॅट. म्हणजे मोटरला लागतंय त्यापेक्षा वरच्या प्लेटांची ताकद जास्त. म्हणून बॅटरी नसताना पण चालतोय. ढग आला की धार बारीक, ढग गेला की परत जोरात. तुमच्या गाडीचं उलटं असणार, मोटर मोठी आन् प्लेट बारकी. नातवाला हे सांगून बघा, पोरांना कळतंय.

गोडोलीचे_मास्तर (सातारा)

जतकरांनी लाख मोलाचं सांगितलं. त्यालाच आकडे जोडतो, वर्गात हे उदाहरण वापरणार आहे.

५०० एमएएच बॅटरी २० मिनिटांत संपते, म्हणजे गाडी सरासरी दीड अँपिअर ओढते. व्होल्टने गुणा, साधारण साडेपाच वॅट. प्लेट १ वॅटची. म्हणजे पंपाला गरजेच्या सव्वापट मिळतं आणि गाडीला जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. थेट उन्हावर पळवायची तर अशा सहा प्लेटा हव्यात. ११ बाय ६ सेंटिमीटरची एक धरली तर सहा मिळून जवळपास ४०० चौरस सेंटिमीटर. एवढं छप्पर डोक्यावर घेऊन गाडी पहिल्याच वळणावर पालथी होईल.

आणि प्लेट १ वॅटचीच का? कडक उन्हात एका चौरस मीटरवर १००० वॅट पडतात. तुमच्या प्लेटच्या वाट्याला साडेसहा येतात, त्यातले १५ टक्के ती पकडते. झाला १ वॅट. दुकानदाराने फसवलेलं नाही, सूर्यानेही नाही.

म्हणून पंपाचा मार्ग सोडा, टाकीचा धरा. चार तास उन्हात हळूहळू भरायचं आणि वीस मिनिटांत उधळायचं.

नातवाला आणखी एक सांगा. आजच्या सिलिकॉनच्या सौरघटाची पणजी अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये २५ एप्रिल १९५४ रोजी लोकांना दाखवली, तेव्हा तिच्यावर एक खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला होता. ती ६ टक्केच ऊन पकडायची. पुढच्याच वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात सूर्यावर चालणारी १५ इंचांची छोटी गाडी आली, तिच्यावर सेलेनियमचे १२ घट होते. माणसांना बसवून नेणाऱ्या सौर गाड्यांची ऑस्ट्रेलियातली डार्विन ते अ‍ॅडलेड शर्यत १९८७ ची. म्हणजे आधी खेळणं, मग गाडी. तेव्हा पोरखेळ म्हणून कोणी हसलं तर हसू द्या.

हिशेबी

मास्तर, शब्द मागे घेतो. आकाशपाळण्याचं माहीत नव्हतं.

मिरजेचा_डाग

आता कामाचं. काका, टीपी४०५६ नावाची चार्जिंगची बारकी पट्टी मिळते, टपाल तिकिटाएवढी, वीस-तीस रुपयांना. घेताना सहा टोकांची घ्या. चार टोकांचीत संरक्षण नसतं. 'इन' लिहिलंय तिथं प्लेट, 'बी' लिहिलंय तिथं नवीन बॅटरी, 'आउट' लिहिलंय तिथून गाडीच्या स्विचकडे. प्लस-मायनस तीनदा बघून मग डाग द्या. चार्जिंगला लावताना गाडीचा स्विच बंद. चालू राहिला तर बॅटरी कधी भरली हे पट्टीवरच्या आयसीला (चिपला) नीट कळत नाही.

तुमचा ४००७ काढून टाका. ०.७ व्होल्ट उगाच खातो. उलटा करंट ही पट्टी स्वतःच अडवते.

आता मेख. या पट्टीवर '१२२' लिहिलेला खसखशीएवढा रेझिस्टर असतो, म्हणजे १.२ किलोओहम. त्याच्यामुळे ती १ अँपिअरनं चार्ज करायला बघते. तुमची प्लेट देणार फार तर १६० मिली (मिलीअँपिअर). पट्टी ओढते, प्लेटचं व्होल्टेज बसतं, जरा ढग आला की लाल दिवा लुकलुकायला लागतो. शिवाय पावसाळ्यात तुम्ही त्याच पट्टीला मोबाईलचा चार्जर लावणार, आज नाही तर उद्या. मग ५०० एमएएचच्या सेलमध्ये १ अँपिअर घुसेल. ते त्याला झेपायचं नाही. तो काढून तिथं १० किलोओहम लावा, वर '१०३' लिहिलेलं असतं. मग १३० मिलीच्या वर जात नाही. प्लेटलाही सोसतं, सेललाही.

डोळे साथ देत नसतील तर दुकानावर या, दोन मिनिटांचं काम आहे. पैसे नकोत, येताना नातवाला घेऊन या.

आणि जतवरून येताना उरलीसुरली १२ व्होल्टची प्लेट आणून लावू नका. ही पट्टी ८ व्होल्टच्या वर टिकत नाही, जागेवर धूर.

कंदी_पेढा (सातारा, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष)

मिरजेचे दादा बरोबर आहेत, पण त्या पट्टीऐवजी सीएन३०६५ ही आयसी असेल तर रेझिस्टर बदलायची भानगड कमी होते. ती आयसी प्लेट जेवढं देईल तेवढंच घेते, बसू देत नाही.

मिरजेचा_डाग

माहितेय. पेठेत मिळून दाखव, मग बोलू. नातवाची सुट्टी संपत आलीय, ऑनलाइन मागवून येईपर्यंत पोरगं पुण्यात पोचेल.

कंदी_पेढा

माघार. :)

भडंग_फॅन

अवांतर : सातारकरांनी सांगलीत येऊन माघार घ्यायची ही परंपरा जुनीच आहे. हलके घ्या.

कंदी_पेढा

(प्रकाटाआ : प्रतिसाद काढून टाकला आहे)

गोडोलीचे_मास्तर

मंडळी, धागा बॅटरीचा आहे, तो तरी फुगवू नका.

अकरा_केव्ही

चार दिवसांनी येतोय. सविस्तर लिहितो.

मिरजेला जाऊन आलो. डागवाले निघाले माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी भिंगाखाली तो '१२२' उचलला तेव्हा नातू श्वास रोखून बघत होता. मग त्याला एका भंगार बोर्डावर स्वतः एक डाग द्यायला लावला. पहिला सुका बसला, हलवला तर निघाला. दुसरा जमला. तो बोर्ड आता उशाखाली घेऊन झोपतो. माझ्याशी बोलणं सुरू झालंय, विषय मिटला.

पट्टी बसली, नवीन बॅटरी बसली (या वेळी हिरव्या पट्टीसकट). प्लेट गाडीच्या टपावर वेल्क्रोनं चिकटवली. गच्चीवर नेली, लाल दिवा लागला. नातवानं टाळ्या वाजवल्या, आणि मी मल्टिमीटर लावला. सवय जात नाही. १२७ मिली. झकास. पाच मिनिटांनी बघतो तर १९.

ढग नाही, काही नाही. वायर हलवली, डाग बघितले, मीटरचा सेल बदलला. शेवटी नातवानंच दाखवलं. कुरडयांच्या वाळवणावर कावळे येऊ नयेत म्हणून हिनं साडी बांधली होती, तिची दोरी. दोरीची बोटभर सावली प्लेटवर आडवी पडली होती. बोटभर! प्लेटचा दहावा हिस्सासुद्धा नव्हता झाकलेला. दोरी हातानं बाजूला केली की १२७, सोडली की १९. नातवाला तो खेळच झाला, अर्धा तास तेच.

मग दुसरी गंमत. दीडच्या सुमाराला गाडी उचलायला गेलो तर प्लेट हाताला चटका देत होती, आणि बॅटरी बरोबर तिच्याच खाली. एकदा पोळलोय, म्हणून लगेच सावलीत आणली. हे चालतं का?

गोडोलीचे_मास्तर

दोरीचं उत्तर : तुमच्या प्लेटमध्ये अर्ध्या व्होल्टचे बारा घट माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. माळेत एक जरी झाकला तरी सगळ्यांचा करंट त्याच्या पायरीला येतो. एसटी स्टँडवरच्या रांगेत पुढचा माणूस सुटे पैसे शोधत उभा राहिला की मागचे अकरा अडतात, तसंच.

उन्हाचं : सध्या प्लेट आडवीच ठेवा, तिरकी करायची गरज नाही. सांगलीत मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात ती तेव्हाच, आणि आत्ताही तो जवळपास तिथेच आहे. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो ५० अंशांच्या फारसा वर चढत नाही, तेव्हा दक्षिणेकडे कलती ठेवा. आपल्याकडे खरी दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते. म्हणून साडेदहा ते अडीच ही वेळ सर्वांत चांगली.

मिरजेचा_डाग

चटक्याचं उत्तर मी देतो. नाही चालत. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. मे महिन्यात सांगलीची हवाच चाळिशीला टेकते, त्यात काळी प्लेट साठाच्या पुढे सहज जाते. तुम्ही बॅटरीला तव्याखाली ठेवताय.

प्लेट आणि गाडी वेगळी करा. मीटरभर वायर, मध्ये दोन पिनांचा कनेक्टर. प्लेट उन्हात, गाडी टाकीच्या सावलीत. खेळताना वायर काढायची. प्लेटही वाचेल. ती वरून प्लास्टिकसारख्या रेझिनची असते, गाडी दोनदा पालथी झाली की ओरखडे पडून आंधळी होते.

अकरा_केव्ही

वरिष्ठांसमोर (म्हणजे नातवासमोर) प्रस्ताव ठेवला. नामंजूर. त्याचं म्हणणं, प्लेट टपावर नसेल तर ती सोलर गाडी कशी? मग ती नुसती चार्ज केलेली गाडी.

खरं सांगू, मला त्याचं पटतं.

जतचं_ऊन

पोरगं बोललं त्यात दम हाय.

पाचवीची_आई (कोरेगाव)

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या मुलीच्या गाडीत बॅटरी नाही, चार पेन्सिल सेल लागतात. दर आठवड्याला नवीन. त्याला असं काही करता येईल का? मला सोल्डरिंग येत नाही, पण शिकेन.

मिरजेचा_डाग

ताई, तुमचं उलट सोपं आहे. साधे सेल काढून चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे चार घ्या. साधे सेल चुकूनही चार्जिंगला लावू नका, पाणी सोडतात. चार्जिंगवाला १.२ व्होल्टचा असतो, म्हणजे चार मिळून ६ ऐवजी ४.८. गाडी थोडी मंद पळेल. अंगणात बरंच आहे ते.

२००० एमएएचचे घेतलेत तर दहाव्या हिश्श्यानं, २०० मिलीनं हे सेल बिनबोभाट भरतात, थोडं जास्त झालं तरी सोसतात. ६ व्होल्ट १ वॅटची प्लेट तेवढंही देत नाही. म्हणून तुम्हाला पट्टी नको, फक्त एक डायोड. ४००७ नको, ५८१९ घ्या, तो कमी खातो. वेळ मात्र लागणार, कडक उन्हाचे तीन-चार दिवस. शनिवार-रविवार खेळायचं आणि आठवडाभर खिडकीबाहेर ठेवायचं. काचेच्या आत नको, ऊन मरतं.

पाचवीची_आई

धन्यवाद दादा. आठवडाभर गाडी मिळणार नाही हा तर फायदाच आहे, परीक्षेत उपयोगी पडेल.

अकरा_केव्ही

शेवटचा अहवाल. उद्या सकाळच्या गाडीनं नातू पुण्याला.

तोडगा निघाला. प्लेट टपावरच आहे, पण बॅटरी खालून काढून मागच्या बाजूला, चाकांच्या मधल्या खोबणीत नेली. प्लेट आणि टप यांच्यामध्ये चार कोपऱ्यांना बाटलीच्या बुचांचे पाय लावून बोटभर फट ठेवली, वारा खेळतो. वर कनेक्टरही आहे. म्हणजे दुपारी प्लेट काढून उन्हात आणि गाडी सावलीत, संध्याकाळी पाचनंतर प्लेट टपावर चढवून मिरवणूक. संध्याकाळच्या उन्हात ३०-३५ मिली येतात, त्यानं काही होत नाही. पण लाल दिवा लागलेला दिसतो. ते महत्त्वाचं.

आज साडेदहा ते अडीच लावली. निळा दिवा लागला (म्हणजे भरली). अंगणात घड्याळ लावून १९ मिनिटं पळाली. वायरीवर चार्ज करून पळते तितकीच, एक मिनिट कमी.

एक अडचण आली ती लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. प्लेट टपावर बसवल्यावर रिमोटची हद्द कमी झाली. आधी गाडी गेटपलीकडे रस्त्यापर्यंत ऐकायची, आता तुळशीपर्यंतच. उघडून बघितलं तर बोटभर एरियलची वायर बरोबर प्लेटच्या खाली दबली होती. ती मागच्या बंपरमधून बाहेर काढली, परत गेटपर्यंत पळायला लागली.

सगळ्यांचे आभार. डागवाल्यांना हिनं कुरडया पाठवल्यात, त्याच दोरीखालच्या.

जाता जाता नातवाचा एक प्रश्न उरलाय, तो मी त्याच्या वतीनं विचारतो. रिमोटमध्ये दोन पेन्सिल सेल आहेत. त्याचं म्हणणं, गाडी उन्हावर आणि रिमोट दुकानातल्या सेलवर, ही फसवणूक आहे. त्याला प्लेट कुठं बसवायची?

मिरजेचा_डाग

काका, नवीन धागा काढा.